आमच्याकडे ह्याला चोरजावई म्हणतात

आमच्या शेजारच्या श्यामकांत भाऊजींनी आयुष्यात कुणाला नावं ठेवली नाहीत. ते खातं माझ्याकडे आहे. त्यांनी फक्त पक्ष्यांची नावं सांगितली, लहानमोठ्या, ऐकणाऱ्या-न ऐकणाऱ्या सगळ्यांना सांगितली, आणि या फेब्रुवारीत कळलं की त्यातलं एकही नाव पुस्तकात नाही.

गाझियाबादला, वसुंधरात, आमची दारं समोरासमोर. मधे लिफ्ट. त्या लिफ्टसमोरच्या दोन हात जागेत माझा अर्धा संसार झाला असं माझा नवरा जयदीप म्हणतो. म्हणू दे. कोणाकडे कोण आलं, कोणाची बाई किती वाजता गेली, हे त्यालाही रात्री जेवताना ऐकायचंच असतं.

भाऊजींचं सांगायचं तर जन्म दिल्लीतला, सरकारी क्वार्टरमधला. शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत. नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, आणि निवृत्ती सेक्शन ऑफिसर म्हणून. बायको मीनाक्षी, तीही इथलीच, तीही सरकारीच. "तुमचं चरित्र लिहायला घेतलं ना भाऊजी, तर पोस्टकार्डावर पत्त्यालाही जागा उरेल," मी म्हणायचे.

"बिल्कुल," भाऊजी म्हणायचे. चिडवून घ्यायची अक्कलसुद्धा नाही माणसाला.

पण सकाळी सोसायटीमागच्या नाल्याकाठी फिरायला निघाले की वेगळे असायचे. तिथे थोडी मोकळी जागा उरलीय, बाभळी आहेत, बिल्डरची अजून नजर पडली नाही. टिटवी ओरडत उठली की म्हणायचे, "उठली उगीचबाई. काही झालेलं नाही, उगीच." हिरवळीवर शेपटी वरखाली करत चालणारा धोबी दिसला की, "हा होयबा. आमच्या जॉइंट सेक्रेटरीसमोर आम्ही सगळे असेच." सातभाईंचा कलकल करणारा घोळका म्हणजे वाटणीवाले, कारण भाऊ एकत्र आले की वाटणीवरून भांडणारच. चोचीवर चोच असलेला धनेश म्हणजे नाकपाटील. हुदहुद म्हणजे फणीवाली. आणि कुंपणाच्या खालून, झुडपाच्या आडून, काळ्या कोटावर तपकिरी शाल घेऊन, लाल डोळ्यांनी इकडेतिकडे बघत चालतो तो भारद्वाज म्हणजे चोरजावई.

"का चोरजावई?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"सासऱ्याला न विचारता आलाय म्हणून. आई सांगते, आमच्याकडे ह्याला चोरजावई म्हणतात."

मी वाढले मुंबईत. मला पक्षी तीन: कावळा, चिमणी, कबूतर. त्यामुळे मला सगळंच पटायचं.

ही सगळी नावं आजींची. भाऊजींच्या आई, इंदुमतीआजी. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या. समोरच्या सगळ्या इमारतींनी कबुतरांच्या त्रासाला कंटाळून बाल्कन्यांना जाळ्या ठोकल्यात, यांनी ठोकली नाही. मी एकदा विचारलं, "आजी, कबुतराला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"तो पक्षी आहे का? तो भाडेकरू."

"आणि मला काय म्हणाल?"

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला कशाला नवं नाव? उगीचबाई चालेल की."

मीनाक्षी आतून हसली. मी आठ दिवस बोलले नाही, म्हणजे मीनाक्षीशी. आजींशी बोलायला दुसऱ्या दिवशीच गेले, कारण त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्याचं उणं काढणारं आमच्या मजल्यावर कुणी नव्हतं.

तर या आजींचा "आमच्याकडे" हा शब्द. आमच्याकडे ह्याला असं म्हणतात, आमच्याकडे त्याला तसं म्हणतात. पण आमच्याकडे म्हणजे कुठे, हे विचारलं की "लांब आहे," एवढंच. बोलणं असं घासूनपुसून घेतलेलं की पुण्याची बाई समजावी. माहेरचं आडनाव नाही, गावाचं नाव नाही, फोटो नाही. पक्षी तेवढे राहिले होते.

गोष्ट अशी होती, आणि ही मला मीनाक्षीने सांगितली, तिला तिच्या सासऱ्यांनी. भाऊजींचे वडील मुरलीधर दिल्लीहून पोस्टांची तपासणी करायला महाराष्ट्रभर फिरायचे. अशाच एका दौऱ्यावरून येताना सोबत आजी आल्या. जात वेगळी. इथे एका मंदिरात हार घातले, दोन साक्षीदार ऑफिसातले. "तपासणीला गेला आणि माणूसच उचलून आणलं," असं म्हणून ऑफिसवाले हसले म्हणे. कुठून, ते मुरलीधर काकांनी बायकोला शब्द दिला होता म्हणून शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेही गेले.

मागच्या थंडीत आजींना न्यूमोनिया झाला. इथली डिसेंबरची हवा तुम्हाला माहीतच आहे, धडधाकट माणूस खोकून वाकतो. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी काय ते सांगून टाकलं होतं. मी लापशी घेऊन गेले होते. आजींनी डोळे उघडले आणि भाऊजींना विचारलं,

"आमच्याकडे कळवलंस का?"

साठाहून जास्त वर्षांत पहिल्यांदा. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मीनाक्षीकडे.

"कळवलं," भाऊजी म्हणाले.

"मग येतील," आजी म्हणाल्या. आणि दाराकडे तोंड करून झोपल्या. त्यानंतर त्यांनी कूस बदलू दिली नाही.

"आई, गावाचं नाव काय?" भाऊजींनी दुसऱ्या दिवशी कानाशी वाकून विचारलं. "म्हणजे, पुन्हा एकदा फोन करतो."

"कळवलंस ना?"

"हो."

"मग झालं तर."

गेल्या त्या.

भाऊजी रडले नाहीत. अंत्यसंस्कार, दहावा, तेरावा, सगळं रांगेत उभं राहून केल्यासारखं केलं. पुढचा माणूस सरकला की आपण सरकायचं. फिरायला जात राहिले. टिटवी ओरडली की "उगीचबाई" म्हणायचे, पण मान न वळवता, घड्याळ बघितल्यासारखं. मी सगळे प्रयोग केले. चौथ्या मजल्यावरच्या खन्नाचा विग लिफ्टच्या पंख्यानं उडाला ती गोष्ट नाट्य करून सांगितली. "अच्छा," म्हणाले. विगवर अच्छा! मी हात टेकले.

एक दिवस लिफ्टसमोर स्वतःच थांबले. हातात दुधाची पिशवी.

"वहिनी, एक काम राहिलंय."

"कुठलं?"

"आईच्या माहेरी कळवायचं. ती विचारून गेली, मी हो म्हटलं. कुणालाच कळवलेलं नाही. कुणाला कळवणार?"

"आता कोण असेल तिथे भाऊजी? इतकी वर्षं झाली."

"असो, नसो. हो म्हटलंय ना."

दूध गळत होतं पिशवीतून. त्यांना कळलं नाही. मी सांगितलंही नाही, नंतर पुसून घेतलं.

फेब्रुवारीत मराठी भाषा दिन आला. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. दरवर्षीप्रमाणे मुलांची प्रश्नमंजूषा, आणि दरवर्षीप्रमाणे 'निसर्ग' विभागाचे परीक्षक श्यामकांत भाऊजी. मीनाक्षी म्हणाली, "यंदा नको जाऊ देऊ त्यांना." मी म्हटलं, "जाऊ दे. घरी तरी काय करतायत, भिंत बघतायत."

पडद्यावर चित्र आलं. काळं अंग, तपकिरी पंख, लाल डोळे. नोएडाची सृष्टी नावाची एक मुलगी टुणकन उठली. "भारद्वाज!"

"चूक," भाऊजी म्हणाले.

मुलगी थबकली. "काका, भारद्वाजच."

"ते शहरी नाव झालं. मराठी नाव सांग."

मुलीचे डोळे भरले. तिची आई उठली. "भाऊसाहेब, भारद्वाज मराठी नाही तर काय पंजाबी आहे?" सभागृहात हशा पिकला. मी सगळ्यात मोठ्यानं हसले, सवयीनं. भाऊजी शांतपणे माइकवर म्हणाले, "चोरजावई. योग्य उत्तर चोरजावई." पुढचं चित्र टिटवीचं. एक पोरगा भीत भीत म्हणाला, "टिटवी?" भाऊजींनी त्यालाही शून्य दिलं.

तेव्हा मागच्या रांगेतून रुचिता पुढे आली. ही पुण्याची, गुडगावच्या एका आयटी कंपनीत. शनिवार-रविवार दुर्बीण गळ्यात अडकवून रानोमाळ हिंडते, म्हणून तिचं लग्न जमत नाही असं तिच्या मावशीचं मत आहे. माझं मत वेगळं आहे, पण तो विषय निराळा.

"काका," ती हळूच म्हणाली, "ही नावं कुठली?"

"मराठी."

"नाही ना काका. मी कोकण, घाट, विदर्भ, सगळीकडची नावं गोळा करते. भारद्वाजाला कुंभारकावळा ऐकलंय, सोनकावळाही ऐकलंय. चोरजावई कधीच नाही. उगीचबाईपण नाही."

"आई म्हणायची. आमच्याकडे असं म्हणतात."

"आमच्याकडे म्हणजे?"

"म्हणजे महाराष्ट्रात."

आता याला काय म्हणावं! पण आमच्या इथल्या मराठी माणसाचं असंच असतं. दिल्लीत जन्मलेल्याला महाराष्ट्र एकच, लांबून दिसणारा, सगळा सारखा. आईनं "आमच्याकडे" म्हटलं की सगळ्या महाराष्ट्रात. नागपूर-कोल्हापूरच्या पोरालाही कळतं की आपल्या आजीचा शब्द पलीकडच्या तालुक्यात चालत नाही. भाऊजींना साठी उलटली तरी तसं कुणी सांगितलंच नव्हतं.

रुचिता म्हणाली, "काका, असं नाव एखाद्याच गावात असतं. फार तर चार गावांत."

भाऊजींनी माइक खाली ठेवला. तो किरकिरला. त्यांनी विचारलं, "म्हणजे गाव सापडेल?"

बाकी प्रश्नमंजूषा कुणी पूर्ण केली मला माहीत नाही. आम्ही तिघं बाहेर पायऱ्यांवर बसलो होतो. भाऊजी एकेक नाव सांगत होते, रुचिता फोनवर टाइप करत होती. होयबा. वाटणीवाले. नाकपाटील. फणीवाली. मी मधे म्हटलं, "भाऊजी, चोरजावई म्हणजे शेवटी तुमचे वडीलच की हो." इतकी वर्षं माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

भाऊजींनी विचार केला. "बिल्कुल," म्हणाले. आणि रुचिताला, "टाकलंस का?"

पक्षी बघणाऱ्यांचे महाराष्ट्रभर ग्रुप असतात, त्या सगळ्यांवर तिनं टाकलं. उत्तरंही धडाधड आली. निम्म्यांनी नमस्काराचे हात पाठवले. कुणी फुलांसकट सुप्रभात. एकानं कळवलं, "आमच्याकडे सासूला टिटवी म्हणतात." मी हे भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कुठे? कुठल्या गावात?" माझा विनोद तिथेच आडवा झाला.

मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात केतन नावाच्या मुलाचं उत्तर आलं. अकोल्यात बँकेत आहे. त्यानं लिहिलं होतं, "चोरजावई, उगीचबाई हे आमच्या गावचे शब्द. रिसोडच्या पुढे. नाल्यापलीकडच्या गावातही म्हणत नाहीत. तुम्हाला कुणी सांगितले?"

रुचितानं सांगितलं. इंदुमती नावाची मुलगी, फार वर्षांपूर्वी, दिल्लीच्या माणसाबरोबर. केतननं वडिलांना विचारलं. दोन दिवसांनी त्यानं एक फोन नंबर पाठवला. खाली लिहिलं होतं, "इंदुमतींचे धाकटे भाऊ. गावात सगळे बाळ म्हणतात. ऐकू कमी येतं, जोरात बोला."

भाऊजी नंबर घेऊन तीन दिवस बसले. मीनाक्षी मला म्हणाली, "तू ये. तू असलीस की ते बोलतील." म्हणजे मी असले की निदान शांतता तरी नसते, असं तिला म्हणायचं होतं. मी गेले. रविवारची सकाळ, टेबलावर पोहे तसेच. भाऊजींनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण त्यांना दुसऱ्या पद्धतीनं बोलता येत नाही.

"हॅलो. मी श्यामकांत बोलतोय. दिल्लीहून."

"बोला साहेब." म्हातारा आवाज. मागे टीव्ही मोठ्यानं.

"मी इंदुमतीचा मुलगा."

टीव्ही चालू राहिला. मग कुणीतरी बंद केला.

"कोन इंदी?"

"तुमची बहीण."

"हाव," तिकडून आलं. "होती."

"आई गेली. डिसेंबरात. तुम्हाला कळवायचं होतं."

मीनाक्षी पोह्यावर झाकण ठेवत होती, काढत होती.

"ते तं कवाच झालं, बापू," म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. एखाद्याला आजची गाडी गेली सांगावं तसं. "ती गेली त्याच दिवशी बानं तिच्या नावानं आंघोळ केली. सगळ्याइले विहिरीवर नेलं. मी लहान होतो. मले वाटलं पाव्हणे येऊन राह्यले, म्हणून आंघोळ. मी म्हटलं, मले नवा सदरा द्या."

"मग?" माझ्या तोंडून गेलं.

"हे कोन?"

"शेजारीण," भाऊजी म्हणाले.

"मग सदरा नाई भेटला," म्हातारा म्हणाला.

जिवंत माणसाच्या नावानं आंघोळ करून टाकली की ते माणूस घराला मेलं. मी हे ऐकून होते, भांडणात लोक म्हणतात, मीही म्हटलंय. एखाद्या घरात खरोखर पाणी ओतलेलं मला माहीत नव्हतं. आजी इथे क्वार्टरमध्ये भाकऱ्या थापत होत्या, पोराला शाळेत सोडत होत्या, मला नावं ठेवत होत्या, आणि तिकडे त्यांचं सगळं उरकलं होतं. भाऊजींचा जन्म व्हायच्याही आधी.

"आता कसं करायचं?" म्हाताऱ्यानं विचारलं. "एकडाव झालेली हाये. परत करायची का?"

तो खरंच विचारत होता. टोमणा असता तर मला कळला असता, माझा त्यात हात धरणारं कुणी नाही.

भाऊजींनी फोनवर हात ठेवला. "वहिनी, परत करायची असते का?"

सोसायटीतली सगळी मराठी घरं हे असलं मला विचारतात. सुतक कुणाला किती, ओटी कुणी भरायची, सगळं मला पाठ. उशिरा कळलं तर नुसती आंघोळ, तेही माहीत. पण आधीच झालेली असेल तर? मीनाक्षी म्हणाली, "त्यांचं त्यांना ठरवू दे."

भाऊजींनी हात काढला. "मामा, तुम्हाला वाटेल तसं."

"मामा" हा शब्द त्यांनी आधी कधी कुणासाठी वापरला नसावा, जरा अडखळले.

"बरं. पाहतो," म्हातारा म्हणाला, आणि फोन ठेवला.

भाऊजींनी पोहे खाल्ले. सगळे. मी म्हटलं, "काय वाटतंय?" म्हणाले, "मीठ बरोबर आहे." मीनाक्षीनं माझ्याकडे पाहून मान हलवली, आता जा म्हणून. मी गेले. जयदीपला सांगायला बसले तर मलाच नीट सांगता येईना. कुठून सुरू करावं कळेना. तो म्हणाला, "बरं आहे ना तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचरा बाहेर ठेवायला दार उघडलं तर भाऊजी त्यांच्या दारात उभे, फिरायला निघालेले, एका पायात बूट. हातात फोन, स्पीकरवर.

"श्यामकांत काय?"

"हो मामा."

"केली."

आत मीनाक्षीचा कुकर शिट्ट्या देत होता, तो तिनं बंद केला.

"विहिरीले पानी नाई आता. बोअरच्या पान्यानं केली. घरचे म्हणे, कायले करता या वयात, सर्दी होईन. मी म्हटलं, मांगच्या वेळी मी लहान होतो. कोनासाठी करून राह्यलो ते मले मालूमच नव्हतं."

"हो," भाऊजी म्हणाले.

"आता चहा घेतो. तुमचा झाला का?"

भाऊजींनी दुसरा बूट हातात घेतला होता. तो घेऊनच ते दाराशी उंबरठ्यावर बसले, फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "नाही झाला मामा. तुम्ही घ्या. मी थांबतो."